लेकरांच्या पाठीवरची पिशवी



सुगी आटोपली, माल बाजारात गेला आणि चार पैसे हाती आले, की घरोघर खर्चाची यादी निघते. पूर्वी या यादीत बी-बियाणे, बैल, घराची डागडुजी आणि लग्नकार्य एवढेच असे. आता त्यात आणखी एक नाव आले आहे. मुलगी तालुक्याच्या कॉलेजात जाऊ लागली, मुलगा पॉलिटेक्निकला लागला, की लॅपटॉप घ्यावा लागतो. तीस-चाळीस हजारांची, कधी त्याहूनही महाग अशी ही वस्तू. ती घेताना आपण चार जाणत्यांना विचारतो, दोन दुकाने हिंडतो. पण ज्या पिशवीतून ती रोज जायची-यायची, त्या पिशवीचा विचार मात्र कोणी करीत नाही. "दुकानदाराने फुकट दिली तीच बरी," किंवा "शाळेचे जुने दप्तर आहेच की," असे म्हणून आपण मोकळे होतो.

आज या सदरात त्या पिशवीविषयीच लिहायचे आहे. विषय लहान वाटेल. पण लहान गोष्टीपायी मोठे कसे अडते, ते आधी ऐका.

आमच्या शेजारच्या वस्तीवर एक घर आहे. कांद्याच्या पैशातून त्यांनी थोरल्या मुलीला लॅपटॉप घेऊन दिला. मुलगी अभ्यासाची. रोज एस.टी.ने कॉलेजला जायची. लॅपटॉप जुन्या दप्तरात, वह्यांच्या मध्ये ठेवलेला. एके दिवशी गाडीला गर्दी होती. उतरताना वरच्या फळीवरून दप्तर ओढले, ते हातातून निसटले आणि पायरीच्या लोखंडावर आपटले. दप्तराच्या तळाला नुसते एकपदरी कापड. सगळा मार लॅपटॉपच्या कोपऱ्याला बसला. पडदा तडकला, बिजागरी निखळली. दुरुस्तीचा आकडा ऐकून पोर इतकी घाबरली, की घरी तिने अवाक्षर काढले नाही. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर काम उरकायचे म्हणून रोज उशिराच्या गाडीने येऊ लागली. आईला भलतीच शंका आली. घरात बोलाचाली झाली, कॉलेज बंद करण्यापर्यंत भाषा गेली. शेवटी पोरीने रडत रडत खरे काय ते सांगितले.

कॉलेज सुटता सुटता राहिले. पुढे पडदाही बदलून झाला. पण त्या तीन आठवड्यांत त्या घराने जे सोसले, ते हजारभर रुपयांच्या पिशवीने बहुधा टळले असते. म्हणून म्हणतो, ही पिशवी डोळसपणे घ्या. ती घेताना तीन मापे लक्षात ठेवायची: यंत्राचे माप, पाठीचे माप आणि वाटेचे माप.

यंत्राचे माप

दुकानात गेल्यावर "पंधरा इंची लॅपटॉपची बॅग द्या" असे आपण सांगतो. इथेच पहिली चूक होते. लॅपटॉपचे जे इंच सांगतात ते पडद्याचे, आणि तेही एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके मोजलेले. अंगाची लांबी-रुंदी त्यातून कळत नाही. १५.६ इंची पडद्याचे यंत्र साधारण ३६ सेंटिमीटर लांब आणि २४-२५ सेंटिमीटर रुंद असते. १४ इंची यंत्र ३२ ते ३३ सेंटिमीटरच्या आसपास भरते. पण एकाच पडद्याची दोन यंत्रे जाडीत आणि कडेच्या पट्टीत वेगळी असतात. तेव्हा शिंप्याची टेप घ्या, झाकण मिटून लांबी, रुंदी आणि जाडी मोजा, कागदावर लिहा. त्याहून चांगले म्हणजे लॅपटॉपच बरोबर न्या आणि पिशवीत घालून पाहा.

कप्पा फार सैल नको, फार तंगही नको. सैल कप्प्यात यंत्र हिंदकळते आणि प्रत्येक खड्ड्याला आतून आपटते. तंग कप्प्यात चेन लावताना यंत्राचे कोपरे कापडावर ताण देतात आणि वर्षाच्या आत शिवण उसवते. चारी बाजूंनी बोटभर जागा राहिली की माप बरोबर समजावे.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. पिशवी जमिनीवर टेकवली तर लॅपटॉपही जमिनीला टेकतो का, हे पाहा. चांगल्या पिशवीत लॅपटॉपचा कप्पा तळापर्यंत नेलेला नसतो. तो दोन-तीन सेंटिमीटर वर, झोळीसारखा अधांतरी शिवलेला असतो. पिशवी दाणकन खाली ठेवली तरी मार तळाला बसतो, यंत्राला नाही. दुकानात हे ओळखणे अवघड नाही. एक हात कप्प्यात घालून तळापर्यंत न्या आणि दुसऱ्या हाताने पिशवीचा तळ बाहेरून दाबा. दोन्ही हात एकमेकांना लगेच लागले तर कप्पा तळाला टेकलेला आहे. अशी पिशवी दिसायला कितीही देखणी असली तरी परत करा. दुसरी मिळतच नसेल, तर निदान तळाला जाड फोमचा तुकडा घालून घ्या.

कप्प्याच्या दोन्ही अंगांना फोम हवा. तो चिमटीत धरून दाबावा. दाबल्यावर बोटे जवळजवळ एकमेकांना भेटली तर फोम नावापुरता आहे. दाबून सोडल्यावर तो लगेच पूर्ववत फुगला पाहिजे.

पाठीचे माप

बैलाला जू कसे बसवायचे, हे तुम्हांला मी सांगायला नको. जू नीट बसले नाही की खांदा सोलवटतो, मग खांदेसूज येते आणि ऐन हंगामात बैल दावणीला बसतो. म्हणून तर पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण खांदेमळणी करतो, हळद-तूप लावतो. मुक्या जनावराच्या खांद्याची जी काळजी आपण घेतो, तीच आपल्या पोरांच्या खांद्याची घ्यायला नको का?

एका खांद्यावर अडकवायची बॅग साहेबी थाटाची दिसते. पण रोजच्या प्रवासाला ती नको. सगळा भार एकाच बाजूला येतो, चालताना अंग वाकते आणि मान-पाठ दुखू लागते. घडीघडी घसरते म्हणून एक हातही तिलाच लागतो. गाडीत चढताना दोन्ही हात मोकळे हवेत. म्हणून दोन पट्ट्यांची, पाठीवर घ्यायची सॅकच घ्यावी.

पट्टा किमान चार बोटे रुंद आणि आतून फोम भरलेला असावा. अरुंद पट्टा दोरीसारखा खांद्यात रुततो. पाठीला टेकणारी बाजूही फोमची हवी, नाहीतर चार्जरचा ठोकळा आणि डब्याची कड दिवसभर टोचत राहते. पट्टे आवळून पिशवी पाठीशी घट्ट बसली पाहिजे. तिचा तळ कमरेच्या फार खाली लोंबता कामा नये. लोंबणारी पिशवी मागे ओढते आणि मग चालणारा पुढे वाकतो.

वजनाचाही हिशेब करा. केंद्र सरकारने २०२० साली दप्तराचे धोरण काढले. पहिली ते दहावीच्या मुलांचे दप्तर त्यांच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जड नसावे, असे त्यात सांगितले आहे. कॉलेजच्या मुलांना तो नियम नाही, पण अंदाजाला चांगला आहे. आता बेरीज करू. लॅपटॉप पावणेदोन किलो, चार्जर चारशे ग्रॅम, लिटरभर पाणी एक किलो, डबा सहाशे ग्रॅम, वह्या-पुस्तके दीड किलो आणि रिकामी सॅक पाऊण किलो. झाले सहा किलो. मुलगी ४५ किलोची असेल तर दहावा हिस्सा साडेचार किलो होतो. म्हणजे दीड किलो जास्त. मग पाण्याची बाटली लहान घ्यावी आणि कॉलेजात भरून घ्यावी, त्या दिवसाच्याच वह्या न्याव्यात. जिथे लॅपटॉपचे काम नाही त्या दिवशी तो घरीच ठेवावा. घरातल्या काट्याला एकदा भरलेली सॅक अडकवून पाहा. आकडा पाहिल्यावर जास्त सांगावे लागत नाही.

आणि रिकाम्या पिशवीवर जाऊ नका. रिकामी पिशवी सगळ्यांनाच हलकी लागते. दुकानात लॅपटॉप, चार्जर आणि दोन जाड पुस्तके भरून ती जिची आहे तिच्याच पाठीवर द्या, आणि दहा-वीस पावले चालायला सांगा. दुकानदार हसला तर हसू द्या.

वाटेचे माप

तिसरे माप वाटेचे. शहरातला मुलगा डांबरी रस्त्याने चार पावले चालून ऑफिसात शिरतो. आपले पोर वस्तीवरून धुळीच्या वाटेने फाट्यावर येते, तिथे एस.टी.ची वाट पाहते, कधी कोणाच्या मोटरसायकलवर मागे बसून जाते. त्यात चार महिने पाऊस. पिशवी या वाटेला टिकेल अशी हवी.

कापड बहुधा पॉलिएस्टर किंवा नायलॉनचे असते. चिठ्ठीवर पुष्कळदा ६०० किंवा ९०० डेनियर असे लिहिलेले असते. डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचे माप. नऊ हजार मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. आकडा मोठा तितका धागा जाड. रोजच्या वापराला ६०० डेनियरचे पॉलिएस्टर पुरेसे असते. पण नुसत्या आकड्यावर भुलू नका, वीणही घट्ट हवी. कापड उजेडासमोर धरा. चाळणीतून पीठ गळावे तसा उजेड गळत असेल तर वीण विरळ आहे. रेक्झिनची चामड्यासारखी दिसणारी बॅग नवी असताना छान दिसते, पण आपल्याकडच्या उन्हात आणि दमट हवेत तिचे पापुद्रे सुटू लागतात.

पिशवी फाटते ती कापडात क्वचितच. ती पट्ट्याच्या मुळाशी उसवते, नाहीतर चेन जाते. पट्टा जिथे पिशवीला जोडलेला असतो तिथे चौकोन आणि आत फुली अशी शिवण किंवा लागून लागून घातलेले आडवे टाके असावेत. एकच सरळ शिवण दिसली तर ती टिकणार नाही. घरी मशीन असेल तर अशा ठिकाणी नायलॉनच्या दोऱ्याने पहिल्याच दिवशी दुहेरी शिवण मारून घ्यावी. चेन जाड दातांची हवी. रनर एका हाताने दहा वेळा पुढे-मागे फिरवून पाहा. वळणावर अडखळला तर समजावे, की गर्दीत हात घाईचा झाला की तिथेच चेन फाटेल. चेनीवर कापडाची झापड असेल तर धूळ आणि पाणी दोन्ही आत कमी जाते.

आता पाऊस. दुकानदार 'वॉटरप्रूफ' म्हणतो, आपण खरे धरतो. कापडाच्या आतल्या बाजूला पाणी अडवणारा थर असतो, हे खरे. पाण्याचे चार थेंब टाकून पाहा, ते मोत्यासारखे ओघळतील. पण शिवणीच्या प्रत्येक टाक्याला सुईचे भोक असते आणि चेनीच्या दातांतूनही पाणी शिरते. पाच मिनिटांची सर निभावेल, अर्ध्या तासाची झड निभावणार नाही. म्हणून वरून ओढायचे पावसाळी कव्हर असलेली सॅक घ्यावी. शिवाय लॅपटॉप आत एका जाड, स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा. मात्र ही पिशवी खताच्या गोणीतली नको. कितीही झटकली तरी खताचे कण तिला राहतात. ते हवेतली ओल ओढतात आणि धातू गंजवतात. औषधाच्या बाटल्या आणि लॅपटॉप एका पिशवीतून तर कधीच आणू नयेत.

एवढे करूनही पाणी गेलेच, तर यंत्र चालू करून पाहू नका आणि चार्जर लावू नका. चालू असेल तर लगेच बंद करा, पुसून घ्या आणि जाणत्या कारागिराकडे न्या. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याचा उपाय बरेच जण सांगतात, पण तांदळाची भुकटी आत जाते आणि नवे दुखणे सुरू होते.

भगिनींसाठी : गोधडीचे कव्हर

नवी सॅक लगेच घेणे जमत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. जुने दप्तर धड असेल, तर आत घालायला गोधडीचे कव्हर घरीच शिवता येते. मार जिरवायला आपल्या आजीच्या गोधडीसारखे दुसरे कापड नाही.

जुन्या सुती लुगड्याचे सहा-सात पदर घ्यावेत आणि जवळजवळ टाके घालून गोधडी करावी. टाके घातल्यावर कापड थोडे आकसते, म्हणून आधी टाके घालावेत आणि मग मापाने कापावे. माप असे काढावे. यंत्राची लांबी आणि जाडी यांच्या बेरजेत ५ सेंटिमीटर मिळवा, ही कापडाची रुंदी. यंत्राच्या रुंदीची दुप्पट करून त्यात २२ सेंटिमीटर मिळवा, ही कापडाची लांबी. यंत्र ३६ बाय २४ सेंटिमीटरचे आणि २ सेंटिमीटर जाड असेल, तर कापड ४३ सेंटिमीटर रुंद आणि ७० सेंटिमीटर लांब लागेल. यात शिवण, थोडी सैल आणि वरची झापड हे सगळे आले.

कापड खालून दुमडून खिसा करावा, दोन्ही कडा शिवाव्यात आणि उरलेली झापड वरून घ्यावी. तळाच्या दुमडीत सेंटिमीटरभर जाडीच्या फोमची पट्टी घालावी. त्यासाठी कापडाची लांबी दोन सेंटिमीटर वाढवावी. आधी कच्चा टाका घालून यंत्र बसते का ते पाहावे, मग पक्की शिवण मारावी. बंद करायला कापडी नाडी लावावी, धातूचे बटण नको, त्याने यंत्रावर ओरखडे उठतात. सुती कापड पाणी पिते, म्हणून पावसाळ्यात कव्हरावरून प्लास्टिकची पिशवी हवीच.

रोजच्या चार सवयी

पिशवी चांगली असून वापर वाईट असेल तर उपयोग नाही. लॅपटॉप पूर्ण बंद करूनच पिशवीत ठेवावा. नुसते झाकण मिटले तर तो आतल्या आत चालू राहू शकतो. बंद पिशवीत उष्णता कोंडते आणि बॅटरीचे आयुष्य घटते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत पिशवी ठेवू नये, तीही याच कारणासाठी.

पाण्याची बाटली बाहेरच्या जाळीच्या खिशात ठेवावी. डबा आणि लॅपटॉप एका कप्प्यात नकोत, कालवणाचा एक ओघळही पुरतो. चार्जर लॅपटॉपला लागून ठेवू नये. दाबाने तो पडद्यावर रुततो.

एस.टी.त पिशवी वरच्या फळीवर टाकू नये. मांडीवर घ्यावी. उभे राहावे लागले तर छातीशी घ्यावी, म्हणजे चोरापासूनही जपली जाते. मोटरसायकलवर ती हँडलला अडकवणे फार धोक्याचे आहे. वळताना हँडल अडते आणि जिवावर बेतते. दोन्ही पट्टे घालून पाठीवरच घ्यावी आणि पट्ट्यांची लोंबती टोके खोचून टाकावीत, नाहीतर ओढणीसारखी चाकात जातात.

घरी आल्यावर पिशवी धान्याच्या पोत्यांजवळ ठेवू नये. उंदराला कापड आणि वायर दोन्ही प्रिय. महिन्यातून एकदा रिकामी करून झटकावी. मळली तर साध्या साबणाने हाताने धुवावी आणि सावलीत वाळवावी. कडक उन्हाने आतला पाणी अडवणारा थर लवकर सुटतो. आतल्या बाजूला नाव आणि घरचा फोन नंबर पक्क्या शाईने लिहून ठेवावा.

शेवटी एक सांगणे आहे. पिशवी बहुधा घरातला कर्ता पुरुष बाजाराच्या दिवशी परस्पर घेऊन येतो. तसे करू नका. जिला ती रोज पाठीवर वागवायची आहे, तिला बरोबर न्या. तिला माप कळू द्या, तळ तपासू द्या, चेन फिरवू द्या. रंगही तिलाच निवडू द्या. स्वतः पारखून घेतलेली वस्तू माणूस जपून वापरतो.

आणि दुकानातून परत येताना तिला हेही सांगा: "बाळ, जपून वापर. पण कधी काही पडले, फुटले, तर आधी घरी येऊन सांग. वस्तूचे आपण पाहून घेऊ." शेजारच्या वस्तीवरच्या त्या पोरीला हे वाक्य कोणी आधी सांगितले असते, तर तीन आठवडे ती एकटी झुरली नसती. पिशवीने यंत्र सांभाळले जाते. पोरीच्या मनाची भीती मात्र आपल्यालाच काढावी लागते.